ऑर्किडच्या पानावरचा डाग : ऊन, कोरडी हवा की कूज? पूर्व विदर्भासाठी निदान आणि आर्द्रतेचे नियोजन

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ऑर्किड हे मोठ्या क्षेत्रावरचे पीक नाही. रोपवाटिका, घरची बाग आणि लहान शेडनेट अशा ठिकाणी डेंड्रोबियम, व्हँडा, फॅलेनॉप्सिस यांची रोपे ठेवली जातात. ही रोपे बहुतेक वेळा दमट हवेच्या भागातून किंवा नियंत्रित हरितगृहातून आलेली असतात. येथे आल्यावर त्यांची खरी परीक्षा दोनदा होते : पहिली मे महिन्यात आणि दुसरी ऑगस्टमध्ये. मे महिन्यात पाने भाजतात, ऑगस्टमध्ये सडतात. दोन्ही वेळा पानावर तपकिरी डागच दिसतो. दोन्ही वेळा उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहे. डाग ओळखण्यात चूक झाली की भाजलेल्या रोपावर बुरशीनाशक फवारले जाते आणि सडणाऱ्या रोपाला आणखी पाणी दिले जाते.

ही चूक महाग पडते, कारण ऑर्किडची वाढ संथ असते. फॅलेनॉप्सिसला वर्षाला साधारण दोन ते तीन नवीन पाने येतात. एका दुपारच्या उन्हात दोन पाने गेली तर वर्षभराची कमाई गेली. व्हँडा आणि फॅलेनॉप्सिस यांना वर वाढणारा एकच शेंडा असतो. तो कुजला की बरेचदा रोपच हातचे जाते. भाजलेला किंवा कुजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. म्हणून डाग दिसल्यावर औषधाच्या दुकानात जाण्याआधी तो कशाचा आहे हे ठरवणे, हेच ऑर्किडच्या व्यवस्थापनातील सर्वांत मोठे काम आहे.

आधी जंगलातील ऑर्किड पाहावे

आपल्या भागात ऑर्किड जगत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. पूर्व विदर्भाच्या पानझडी जंगलात मोह, आंबा अशा झाडांच्या फांद्यांवर व्हँडा टेसेलाटा ही ऑर्किड वाढते. पट्ट्यासारखी जाड, मधे दुमडलेली पाने, बाहेर लोंबणारी जाड मुळे आणि पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी असलेली फुले ही तिची ओळख. मराठीत ऑर्किडला आमरी असेही म्हणतात. अनेक जण तिला बांडगूळ समजून तोडून टाकतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घालून रस शोषते. आमरी मात्र सालीवर फक्त आधारासाठी बसते आणि झाडाचे काहीही खात नाही.

मार्कंड्याजवळ मे महिन्यात वैनगंगेचे पात्र आटून रेती उघडी पडते आणि दुपारी अंगाला झळा लागतात. अशा हवेत ही वनस्पती तग धरते, त्याची कारणे आपल्या शेडनेटसाठी उपयोगाची आहेत.

- तिची पाने जाड असतात. दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटलेली राहतात आणि रात्री उघडतात. त्यामुळे पाणी कमी उडते. जाड पानांच्या अनेक ऑर्किड, त्यात फॅलेनॉप्सिससुद्धा, अशाच पद्धतीने श्वास घेतात.
- मुळांवर व्हेलामेन नावाचे पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन शोषते आणि नंतर उघड्या हवेत तितक्याच चटकन वाळते. मूळ ओले असताना हिरवे, वाळल्यावर चंदेरी पांढरे दिसते.
- तिच्यावर झाडाची सावली असते. मोहाची पाने उन्हाळ्याच्या सुरुवातीला गळतात, पण फुले येऊन गेल्यावर तांबूस पालवी फुटते आणि कडक उन्हाच्या वेळी फांद्यांवर पुन्हा छत येते.
- फांदीवर हवा सतत खेळती असते. पावसाळ्यात दिवसभर भिजूनही पाऊस थांबला की पाने आणि मुळे वाळतात.

सावली, रात्रीचा गारवा, ओले होणे आणि पुन्हा वाळणे, हे चार धडे येथून घ्यावेत. कुंडीतील ऑर्किडचे बहुतेक नुकसान यांपैकी एखादी गोष्ट तुटल्यामुळे होते.

आर्द्रता म्हणजे नेमके काय

आर्द्रता म्हणजे कुंडीतील ओल नव्हे. ती हवेतील बाष्प आहे, आणि टक्क्यांतला आकडा तापमानाशी बांधलेला असतो. गरम हवा जास्त बाष्प धरू शकते. समजा, पहाटे २५ अंश तापमानाला आर्द्रता ८० टक्के आहे. बाष्प तेवढेच राहून दुपारी तापमान ४५ अंशांवर गेले तर आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर येते. हवेतले पाणी कमी झाले नाही, पण हवेची तहान सुमारे ११ पट वाढली. ही तहान हवा पानांतून आणि मुळांतून भागवते. म्हणून मे महिन्यात आर्द्रता राखण्याचा पहिला उपाय पाणी नसून सावली आहे. तापमान चार-पाच अंशांनी उतरले तरी टक्केवारी आपोआप चढते.

दुसरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे : कूलर. मे महिन्यात कोरडी हवा कूलरच्या ओल्या गवतातून आली की चांगलीच गार होते, कारण पाणी उडताना उष्णता घेते. तोच कूलर जुलैत लावला तर फक्त चिकचिक होते. हवेत आधीच बाष्प असल्याने पाणी उडत नाही. ऑर्किडच्या शेडनेटमधले फॉगर, ओली गोणपाटे आणि वाळ्याच्या ताट्या याच नियमाने चालतात. मे महिन्यात ते उपयोगी, जुलै-ऑगस्टमध्ये ते रोगाला आमंत्रण. पावसाळ्यात लागतो तो पंखा, पाणी नव्हे.

डेंड्रोबियम, व्हँडा, फॅलेनॉप्सिस यांना साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. मेच्या दुपारी उघड्या शेडनेटमध्ये ६० टक्के गाठणे कठीण असते. त्यासाठी दिवसभर पाणी मारत बसू नये. दुपारी ४० टक्क्यांच्या खाली जाऊ न देणे आणि रात्री ६० टक्क्यांच्या वर ठेवणे हे लहान बागेसाठी व्यवहार्य उद्दिष्ट आहे.

आर्द्रता घरच्या घरी मोजावी

बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारे लहान डिजिटल यंत्र मिळते. ते रोपांच्या उंचीवर, सावलीत टांगावे. यंत्र नसेल तर दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यावर मलमलची ओली पट्टी गुंडाळावी. दोन्हींवर दोन मिनिटे पुठ्ठ्याने वारा घालावा आणि दोन आकड्यांतील फरक पाहावा.

- कोरडा तापमापक ३० अंश, फरक २ अंश : आर्द्रता सुमारे ८६ टक्के. पाणी थांबवावे, हवा वाढवावी.
- कोरडा ३० अंश, फरक ६ अंश : सुमारे ६१ टक्के. स्थिती चांगली.
- कोरडा ३० अंश, फरक १० अंश : सुमारे ३९ टक्के. जमीन ओली करावी.
- कोरडा ४० अंश, फरक १० अंश : सुमारे ४८ टक्के. दुपारसाठी चालेल.
- कोरडा ४० अंश, फरक १५ अंश : सुमारे २९ टक्के. सावली वाढवावी, जमीन आणि गोणपाटे ओली करावीत.

दुपारी २ वाजता आणि सूर्यास्तानंतर अशा दोन नोंदी महिनाभर ठेवल्या तर कोणत्या दिवसांत काय करायचे हे आपोआप कळू लागते.

डाग दिसला की चार प्रश्न

१. डाग कुठे आहे? सूर्याकडे तोंड असलेल्या फुगीर भागावर, शेंड्यावर, पानाच्या बुडाशी की खालच्या बाजूला?

२. कोणत्या पानावर आहे? सर्वांत जुन्या, मधल्या की नव्या? एकाच रोपावर की एका रांगेतल्या सर्व रोपांवर?

३. ओला की कोरडा? बोटाने हलके दाबून पाहावे. पान पाणचट, मऊ लागते का? वास येतो का?

४. वाढतो आहे का? डागाच्या कडेवर पेनाने बारीक रेघ मारून तारीख लिहावी. २४ तासांनी आणि तिसऱ्या दिवशी पाहावे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रेघेच्या आत थांबलेला कोरडा डाग हा बहुधा झालेल्या इजेचा व्रण असतो. रेघ ओलांडणारा ओला डाग हा चालू असलेला रोग असतो. पहिल्यासाठी घाई नको. दुसऱ्यासाठी उद्याची वाट पाहू नये.

लक्षणांवरून निदान

उन्हाची भाज : पानाच्या सर्वांत उंच, उन्हाकडे असलेल्या भागावर आधी पिवळट-पांढरा पट्टा पडतो. नंतर तो तपकिरी किंवा काळा होऊन कागदासारखा वाळतो. कड स्पष्ट असते, वास नसतो, डाग पसरत नाही. एकाच रांगेतील रोपांवर एकाच बाजूला दिसतो. दुपारी पान हाताला हवेपेक्षा गरम लागले तर प्रकाश जास्त आहे असे समजावे. रोप लगेच सावलीत न्यावे. पान कापू नये, कारण उरलेला हिरवा भाग अन्न तयार करतो. नेट एका जागी फाटले असले तरी त्याखालच्या चार-पाच कुंड्यांवर अशीच भाज दिसते, म्हणून आधी वर पाहावे.

तहान : पाने लुळी पडतात, त्यांवर लांबीच्या दिशेने सुरकुत्या येतात, डेंड्रोबियमची जाड खोडे आक्रसतात. येथे घाई करू नये, कारण मुळे कुजल्यावरही हेच दिसते. कुंडीत पाणी भरपूर असूनही कुजलेले मूळ ते घेऊ शकत नाही. रोप हलकेच काढून मुळे पाहावीत. मुळे पांढरी, कडक पण पूर्ण वाळलेली असतील तर पाणी कमी पडते आहे. मुळे तपकिरी, दाबल्यावर पोकळ आणि आतून दोरा निघणारी असतील तर पाणी जास्त झाले आहे. दुसऱ्या स्थितीत मेलेली मुळे कापून रोप नव्या, मोकळ्या माध्यमात लावावे आणि पाणी कमी करून हवेतील आर्द्रता वाढवावी.

क्षारांची जळ : पानाचा शेंडा तपकिरी होऊन वाळतो, जुन्या पानांवर आधी दिसतो. कुंडीच्या कडेला किंवा कोळशाच्या तुकड्यांवर पांढरा थर असतो. कारण बोअरचे जड पाणी किंवा जास्त खत. शेंडा जळाल्यावर खत वाढवणे हा उलटा उपाय होतो.

लाल कोळी : कोरड्या उन्हाळ्यातील कीड. पानाच्या खालच्या बाजूला बारीक चंदेरी ठिपके पडतात, पान निस्तेज होते, कधी बारीक जाळी दिसते. पांढरा कागद किंवा कापूस पानाच्या खालून फिरवावा. तांबूस डाग आला तर कोळी आहे. पाण्याच्या बारीक धारेने पानांची खालची बाजू पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा धुवावी. सकाळी धुवावे. तापमान ३५ अंशांच्या वर असताना गंधक किंवा निंबोळी तेल फवारू नये. त्याने पाने भाजतात आणि मग डाग किडीचा की औषधाचा हे कळत नाही.

काळी धूळ की काजळी : चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज निर्मितीच्या पट्ट्यात पानांवर काळपट थर बसतो. पान पुसल्यावर निघाला आणि चिकट नसला तर ती धूळ आहे. ओल्या मऊ कापडाने महिन्यातून दोनदा पुसावी, कारण ती प्रकाश अडवते. थर चिकट असेल तर वर खवले कीड, मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. त्यांच्या गोड स्रावावर काजळी वाढते.

जिवाणूजन्य मऊ कूज : लहान पाणचट ठिपका एक-दोन दिवसांत मोठा होतो. पान अर्धपारदर्शक, मऊ होते, दाबल्यावर पाणी निघते, घाण वास येतो. हा सर्वांत वेगाने जाणारा रोग आहे. रोप त्याच क्षणी इतरांपासून वेगळे करावे. डागाच्या पलीकडे निरोगी भागात एक इंच आत जाऊन पान कापावे. पाते प्रत्येक कापणीपूर्वी ज्योतीवर तापवून थंड करावे. रोप पंख्याखाली कोरडे ठेवावे, तीन-चार दिवस पाणी देऊ नये. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात. ती मुळांवर पडू देऊ नये, मुळे वाळतात.

काळी कूज : पावसाळ्यात नवा फुटवा, पोंगा किंवा खोडाचे बूड जांभळट-काळे पडते. काळ्या भागाच्या पुढे पिवळी कड सरकत जाते. पान हलके ओढले तरी सुटून हातात येते. पायथियम आणि फायटोफ्थोरा ही कारणे. बाधित भाग कापून जाळावा किंवा पुरावा. कुंडीतील माध्यम पुन्हा वापरू नये.

करपा : किंचित खोलगट, गोल तपकिरी डाग, आत वर्तुळे आणि बारीक काळे ठिपके. हा बहुधा आधी भाजलेल्या किंवा जखमी झालेल्या जागी येतो. म्हणजे मेमधील भाज ही ऑगस्टमधील करप्याची पायवाट ठरते.

थंडीची इजा : डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान बरेच खाली येते. १५ अंशांखाली फॅलेनॉप्सिसला त्रास होतो. पानांवर खोलगट खड्डे पडतात आणि नंतर ते तपकिरी होतात. डाग काही दिवसांनी दिसत असल्याने कारण लक्षात येत नाही. हौदातील गार पाणी सकाळी थेट पानांवर मारल्यानेही असेच होते.

गोगलगाय : पावसाळ्यात पानाला आणि मुळांच्या टोकांना वेडीवाकडी भोके, जवळ चकाकणारा चिकट माग. रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. ओले गोणपाट संध्याकाळी जमिनीवर टाकून सकाळी त्याखालच्या गोळा कराव्यात.

विषाणू : पानावर फिकट-गडद ठिगळे किंवा काळपट आखूड रेघा, नव्या पानांतही तेच. याला औषध नाही. हा कात्री आणि पात्यांतून पसरतो. संशय आला तर रोप वेगळे ठेवावे आणि त्यापासून फुटवे काढू नयेत.

रोग नसलेला पिवळेपणा : सर्वांत खालचे एकच पान हळूहळू पिवळे होऊन गळणे नैसर्गिक आहे. काही डेंड्रोबियम हिवाळ्यात पाने टाकतात. येथे काहीही करू नये.

हंगामनिहाय नियोजन

मार्च ते मृगाचा पाऊस :

- ५० टक्के सावलीच्या नेटवर एप्रिलच्या सुरुवातीलाच दुसरा थर टाकावा. पाने भाजल्यावर टाकलेली सावली उपयोगाची नाही. पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाकावी.
- नेट १० ते १२ फूट उंच असावे. खाली बांधलेल्या नेटखाली गरम हवा कोंडते. नेट नसेल तर अंगणातील बांबूचा मांडव, वर जांभळाच्या फांद्या, हेही चालते.
- बाकांखाली रेती किंवा विटांच्या चुऱ्याचा ४ ते ६ इंचांचा थर द्यावा. तो सकाळी, दुपारी आणि सूर्यास्ताच्या सुमारास ओला करावा. गरम वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटे टांगावीत.
- सूर्यास्तानंतरचे पाणी विसरू नये. बरेच जण ऊन उतरले की काम संपले असे समजतात. पण जाड पानांच्या ऑर्किडची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि येथील मेच्या रात्रीही कोरड्या असतात. जमीन ओली करावी, पाने आणि पोंगा मात्र नव्हे.
- कुंडीला पाणी सकाळी द्यावे. मुळे पुन्हा चंदेरी झाली की पुढचे पाणी. टांगलेल्या व्हँडाला या दिवसांत दिवसातून दोनदाही लागते.
- रोप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. खोलीतील दमटपणा उपयोगी असतो, झोत नव्हे.
- खत निम्म्यावर आणावे. ४५ अंशांत रोप वाढत नाही, तग धरते.

मृग ते सप्टेंबर : या भागात वर्षाला १२०० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक या चार महिन्यांत.

- फॉगर, गोणपाट, जमिनीवरचे पाणी सर्व बंद करावे. नेटचा दुसरा थर काढावा. ढगाळ हवेत दुहेरी सावलीने पाने मऊ आणि रोगाला बळी पडणारी होतात.
- फॅलेनॉप्सिसवर पाऊस थेट पडू देऊ नये. वर पारदर्शक प्लॅस्टिकचे छत घालावे, बाजू उघड्या ठेवाव्यात.
- पोंग्यात पाणी साचू देऊ नये. निसर्गात फॅलेनॉप्सिसची पाने खाली झुकलेली असतात, म्हणून पाणी निथळते. कुंडीत ते उभे असते. कुंडी किंचित तिरकी ठेवावी किंवा रोप फळीवर आडवे बांधावे.
- दोन कुंड्यांची पाने एकमेकांना टेकू देऊ नयेत. पंखा संध्याकाळी आणि रात्रीही चालू ठेवावा. वीज जाते तेव्हा अंतर हाच पंखा.
- कुजलेले नारळाचे सोडण बदलावे. कोळसा आणि विटांचे तुकडे यांचे प्रमाण वाढवावे.
- रोवणीच्या दिवसांत धानावर तणनाशक फवारले जात असेल तर वाऱ्याच्या बाजूला पडदा लावावा. पिळवटलेली नवी पाने हे कधी कधी त्याचेच लक्षण असते.

ऑक्टोबर : पाऊस संपतो आणि ऊन अचानक तापते. पावसाळ्यात सावलीत वाढलेली कोवळी पाने या पंधरा दिवसांत भाजतात. नेटचा दुसरा थर दुपारपुरता परत आणावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : नदीकाठच्या गावांत पहाटे धुके आणि दव असते. पाने उशिरापर्यंत ओली राहतात आणि ठिपक्यांचे रोग येतात. पाणी सकाळी ऊन आल्यावर, कोमट करून द्यावे आणि एकूण प्रमाण कमी करावे. फॅलेनॉप्सिस रात्री घरात घ्यावे. सकाळचे कोवळे ऊन मात्र भरपूर मिळू द्यावे.

पाण्याची प्रत

ऑर्किडला हलके पाणी लागते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर फवाऱ्यातून तेच पानावर पांढरा थर सोडते. पाण्याची चाचणी कृषी विज्ञान केंद्रामार्फत करून घ्यावी. सर्वांत स्वस्त उपाय पावसाचे पाणी हा आहे. १०० चौरस फूट पत्र्यावर १० मिमी पाऊस पडला की सुमारे ९० लिटर पाणी मिळते. १००० लिटरची टाकी जुलैच्या काही दिवसांत भरते. हे पाणी एप्रिल-मेसाठी फक्त कुंड्यांना आणि पानांना राखून ठेवावे. जमीन ओली करायला बोअरचे पाणी चालते.

टाकीला घट्ट झाकण आणि जाळी असावी. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकावे. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात आर्द्रतेसाठी ठेवलेले उघडे पाणी घरातल्या माणसांना महाग पडू शकते.

विद्राव्य खत १९:१९:१९ वाढीच्या काळात लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढावी.

फवारणीपूर्वी

- भाज, तहान, क्षार आणि थंडी यांवर कोणतेही औषध नाही.
- जिवाणूजन्य कुजीवर बुरशीनाशक चालत नाही. काळ्या कुजीवर लागणारे औषध करप्यावर लागणाऱ्यापेक्षा वेगळे असते.
- डेंड्रोबियम तांबेयुक्त औषधांना संवेदनशील आहे. फुलांवर आणि नव्या फुटव्यांवर ती फवारू नयेत.
- कोणतेही औषध आधी एका रोपावर वापरून आठवडाभर पाहावे. लेबलवरील सूचना पाळाव्यात. डागाचा फोटो आणि पेनाने रेघ मारलेले पान घेऊन सोनापूर-गडचिरोली किंवा सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. ऑर्किडवर काम करणारी राष्ट्रीय संस्था सिक्कीममधील पाक्योंग येथे आहे. तेथील शिफारशी वापरताना आपले मेचे तापमान लक्षात ठेवावे.

जंगलातील आमरी जंगलातच राहू द्यावी

व्हँडा येथे तग धरते म्हणून ती फांदीसह तोडून आणण्याचा मोह होतो. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती काढणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. ऑर्किडचे संपूर्ण कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार फसतो. ओरबाडून काढताना मुळे तुटतात आणि तुटक्या मुळांचे रोप पहिल्याच उन्हाळ्यात सुरकुतते. डेंड्रोबियमची ऊतिसंवर्धित रोपे रोपवाटिकेत मिळतात. तीच घ्यावीत आणि शक्यतो पावसाळ्याच्या शेवटी आणावीत, म्हणजे मेपर्यंत त्यांना स्थिरावायला वेळ मिळतो.

मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. त्या झळीने खालच्या फांद्यांवरील आमरीची पाने एका बाजूने भाजतात. पाचोळा झाडून गोळा केला तर फुलेही वेचता येतात आणि आमरीही वाचते. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तेथे ग्रामसभा असा नियम स्वतः करू शकते. आलापल्लीजवळचे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले आहे. आपल्या जिल्ह्यातील जुन्या झाडांची किंमत त्यावरून लक्षात यावी.

थोडक्यात

- कोरडा, न पसरणारा डाग : सावली आणि पाणी तपासावे. पान ठेवावे.
- ओला, पसरणारा डाग : त्याच दिवशी कापावे, वेगळे करावे, पाणी थांबवावे, हवा वाढवावी.
- सुरकुतलेले पान : आधी मुळे पाहावीत, मग पाणी.
- उन्हाळ्यात सावली आणि ओली जमीन, पावसाळ्यात वारा आणि अंतर.
- दुसरे नेट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या पाण्याची टाकी जुलैत. ही दोन कामे वेळेवर झाली तर वर्षभरातील बरेचसे डाग पडतच नाहीत.